टुरिस्टवर पाठवून द्या म्हणे!

आज सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत पाय मोकळे करायला गेलो आणि डोकं फिरवून घरी आलो.

आमच्या फिरायच्या कंपूत एक गृहस्थ आहेत. दांडिया बाजारातले, तीस वर्षांची ओळख. नाव लिहीत नाही, फेसबुकवर आहेत, वाचतीलच. फुलांच्या घड्याळापाशी थांबून विचारतात, "काय हो, लेक अजून इथेच?" म्हटलं, हो, अमेरिकेचे कागद चालू आहेत. तर म्हणे, "कागदांची कसली वाट बघताय? टुरिस्टवर पाठवून द्या. तिकडे पोचली की सगळं होतं. फॉर्मात लग्नाचं लिहायचंच नाही." शेजारचे शाहभाई लगेच, "एमां शुं? बधा करे छे!" (त्यात काय, सगळेच करतात!) आणि मग आमचे मराठी गृहस्थ आवाज खाली आणून, "बाकी सगळं ठीक आहे ना? नाही, म्हणजे जावयाकडचं काही..."

पुढची फेरी मी एक शब्द न बोलता मारली. शनिवारची शेव-उसळही सोडली. ज्यांना मी ओळखतो त्यांना कळेल की ही काही छोटी गोष्ट नाही.

म्हणून हे लिहितोय. एकदाच लिहितो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

लेकीचं लग्न झालं त्याला येत्या डिसेंबरात दोन वर्षं होतील. जावई लहानपणापासून न्यू जर्सीत वाढलेला, तिकडचा नागरिक. लग्नानंतर 19 दिवस इथे होता, मग रजा संपली. फेब्रुवारीत त्याने बायकोसाठी अर्ज भरला. नागरिकाच्या बायकोला कोटा नसतो, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांसारखी वर्षाची ठरावीक संख्या आणि रांग नाही, हे मी तेव्हा सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. कोटा नाही हे खरं आहे. पण फाइलवर माणसाचा हात पडायला लागतो, आणि तो पडायला सतरा महिने गेले. आता फाइल पुढच्या कचेरीत आहे, मग मेडिकल, मग मुंबईला मुलाखत. ती कधी, ते विचारू नका.

मधल्या काळात जावई एकदा आला. पाडव्याला, दहा दिवस. 19 आणि 10, एकूण 29. दोन वर्षांचा संसार, 29 दिवसांचा. पहिला दिवाळसण व्हिडिओ कॉलवर झाला. हिने इथे पाटाभोवती रांगोळी काढली आणि पाटावर मोबाइल उभा केला. हसू नका. मीही हसलो नव्हतो.

तर टुरिस्ट व्हिसा. आम्हाला काय, सुचलं नव्हतं? अर्ज केला होता. रीतसर, खरं लिहून. तीन आठवडे नवऱ्याला भेटून परत यायचं, एवढंच. 185 डॉलर फी, नाही मिळाला तरी परत मिळत नाही. तारीख मिळायलाच दहा महिने लागले. गेल्या फेब्रुवारीत मी तिला घेऊन मुंबईला गेलो. आदल्या दिवशी बोटांचे ठसे, रात्री डोंबिवलीला चुलतभावाकडे मुक्काम, पहाटेची लोकल पकडून वांद्रे-कुर्ला संकुलातली अमेरिकन वकिलात.

आत मोबाइल नेऊ देत नाहीत. तिने तिचा फोन आणि पर्स माझ्या हातात दिली आणि फाइल घेऊन रांगेत लागली. मी समोरच्या फूटपाथवर. माझ्यासारखे पुष्कळ होते, प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा फोन. नऊच्या सुमाराला तिचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर नाव आलं, 'नवरोबा'.

आता सासऱ्याने हा फोन घ्यायचा कसा? दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा घेतला. म्हटलं, "हॅलो, बाबा बोलतोय." तिकडून एकदम ताठ आवाज, "हो बाबा. झालं का?" म्हटलं, अजून आतच आहे. मग दोघंही गप्प. तोवर आमचं बोलणं 'कसे आहात, बरं आहे, थंडी कशी आहे' याच्या पलीकडे कधी गेलेलं नव्हतं. पण ठेवतो असं तोही म्हणेना आणि मीही. तिकडे रात्रीचे साडेदहा. म्हटलं, जेवलास का? म्हणाला, नाही, आत्ता वरणाचा कुकर लावलाय. आणि त्याच क्षणी फोनमधून शिट्टी ऐकू आली.

या फोनवर मी परत येतो. आधी तो फॉर्म.

त्या फॉर्मात सरळ प्रश्न आहे: तुमच्यासाठी कोणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का? खरं उत्तर 'हो'. आणि 'हो' म्हटलं की खेळ जवळजवळ संपतो. कारण त्यांचा 1952 चा कायदा आहे, त्याचं 214(बी) कलम. बरोडेकरांना हे कलम कुलदैवतासारखं माहीत आहे. त्याचा अर्थ इतकाच, की खिडकीसमोर उभा असलेला माणूस कायमचाच यायला निघाला आहे असं आधी धरायचं, आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. एच-1बी आणि एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यातून सूट. म्हणजे कंपनीसाठी निघालात तर मनात दोन हेतू असले तरी चालतात. नवऱ्यासाठी निघालात तर नाही.

आणि ती म्हणते काय? मी आत्ता भेटून परत येते, आणि माझे कागद झाले की कायमची जाते. यात खोटं काय आहे? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कॅनडाच्या कायद्यात तर तसं स्पष्ट लिहिलेलंच आहे, की पुढे कायम राहायचा विचार आहे म्हणून आत्ता तात्पुरतं येण्यापासून कोणाला अडवता येणार नाही. तिकडेही नाकारतात, मला माहीत आहे. पण निदान कायदा बायकोला जन्मतः लबाड धरत नाही.

बरं, अमेरिकेला हे कळलं नव्हतं असंही नाही. 2000 साली त्यांनी खास यासाठीच के-3 नावाचा व्हिसा काढला, नागरिकांच्या नवरा-बायकोंनी वाट तिकडे येऊन बघावी म्हणून. आज त्याचा अर्ज कोणी केला तर मूळ अर्ज आधी किंवा बरोबरच मंजूर होतो आणि के-3 ची फाइल तिथल्या तिथे बंद होते. कायद्यात आहे, कामाला नाही. आमच्या सोसायटीच्या लिफ्टसारखा.

आता सकाळच्या गृहस्थांसाठी. लग्नाचं लिहायचं नाही, असं म्हणालात ना? फॉर्मात खोटं लिहिलं आणि सापडलं, की फसवून व्हिसा मागितल्याचा ठपका बसतो. तो ठपका म्हणजे कायमची बंदी. सहा महिने नाही, पाच वर्षं नाही. मग त्यातून सुटायला आणखी एक अर्ज आणि वकील. ज्या नवऱ्याला तीन आठवडे भेटायचं म्हणून खोटं बोललात, त्याच्याकडे कायमचं जायची वाटच बंद. तुमच्या भाच्याचं निभावलं असेल. त्याचं नशीब. माझ्या लेकीच्या आयुष्याचा जुगार मी कमाटीबागेतल्या सल्ल्यावर खेळू?

हो, बरेच लोक टुरिस्टवर जातात आणि परत येत नाहीत. हे मान्य. खिडकीमागच्या माणसाला त्यातलीच ही एक वाटली असेल. आणि आपल्याकडेही परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला ओसीआय (भारतात कायम येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड) हवं असेल तर लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात, तेही मान्य. झालं? पुढे.

तर तो फोन. पहिली शिट्टी झाली. मी विचारलं, डाळ कोणती? म्हणाला, तूर. भिजवली होतीस? नाही बाबा, वेळ नव्हता. मग चार होऊ दे, मी म्हटलं. मी आयुष्यात कधी कुकर लावलेला नाही, हे आमच्या सौ. इथे कमेंटमध्ये सांगतीलच. पण त्या फूटपाथवर उभा राहून मी त्याच्या शिट्ट्या मोजत होतो. दुसरी झाली. मग तो सांगायला लागला, की त्याने कपाटाचा अर्धा भाग रिकामा करून ठेवलाय, लग्नाहून परत गेला तेव्हापासून. त्यात काहीच ठेवत नाही. तिसरी झाली. समोर गेटमधून लोक बाहेर येत होते, आणि चेहरे बघून मला कळायला लागलं होतं कोणाचं झालं, कोणाचं नाही.

चौथी शिट्टी झाली, मी म्हटलं बंद कर, आणि ती बाहेर आली.

"दोन मिनिटं, बाबा," एवढंच म्हणाली. दोन तास रांग आणि दोन मिनिटं खिडकी. कशासाठी जाताय? नवऱ्याला भेटायला. तो कोण? नागरिक. अर्ज केलाय का? हो. सॉरी. एक छापील कागद हातात दिला. तिच्या हॉस्पिटलचं रजेचं पत्र, परतीच्या तिकिटाचं बुकिंग, बँकेचे कागद, सगळी फाइल तिने नेली तशीच परत आणली. रबरबँडसुद्धा निघालं नव्हतं. ते रबरबँड मी रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून दोन मागून घेतले होते, एक तुटलं तर म्हणून.

मी फोन तिच्या हातात दिला. चालूच होता.

मुंबईहून कर्णावतीने परत येताना मी सुरतेपर्यंत मनातल्या मनात त्या अधिकाऱ्याशी भांडत होतो. भरूच आलं तेव्हा थोडा निवळलो. तोही नोकरी करतो. त्याने शिव्या दिल्या नाहीत, दारातून हाकललं नाही. पण साहेब, ते रबरबँड तरी काढायचं होतं.

आणि गंमत ऐका. हाच कायदा पुढे विचारतो, लग्न खरं आहे हे दाखवा. एकत्र फोटो, एकत्र प्रवासाची तिकिटं, एकमेकांशी झालेलं बोलणं. भेटू द्यायचं नाही आणि भेटल्याचे पुरावे मागायचे! मुंबईच्या मुलाखतीला लागतील म्हणून गेल्या महिन्यात मी या दोघांच्या चॅटच्या प्रिंटा काढायला त्याच झेरॉक्सवाल्याकडे गेलो. कागद बाहेर पडायला लागले तसा मी ते पालथे करून ठेवत होतो, आणि तो मुलगा मान खाली घालून यंत्राकडे बघत होता. बापाने हे काम करावं का? पण तिची ड्यूटी होती, आणि मी रिटायर्ड.

आणखी एक. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ती तिकडे उतरली तर दोन वर्षांचं कच्चं कार्ड मिळतं, आणि लग्न टिकलंय हे पुन्हा सिद्ध करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यावर उतरली तर थेट दहा वर्षांचं. म्हणजे यांनी इतका उशीर केलाय की आता उशिराचाच फायदा व्हायची वेळ आली आहे. परवा जावई म्हणाला, "बाबा, डिसेंबर गाठलाच तर बरं होईल." हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

1900 साली कर्झनने संस्थानिकांना परदेशी जायच्या आधी सरकारची परवानगी घ्यायला लावली, तेव्हा आमच्या सयाजीराव महाराजांना तो आपलाच अपमान वाटला होता. शाळेत ही गोष्ट मी मुलांना बत्तीस वर्षं शिकवली, आणि मुलं दरवर्षी जांभया देत. महाराजांची चीड मला त्या फूटपाथवर कळली.

माझं म्हणणं काही फार मोठं नाही. लग्न खरं असेल आणि अर्ज तुमच्याच टेबलावर पडून असेल, तर वर्षातून एकदा महिनाभर येऊ द्या. डिपॉझिट घ्या. दोन-पाच लाख घ्या, आम्ही देऊ. वेळेवर परत आली नाही तर ते जप्त करा, मूळ अर्जही फेटाळा. तिच्याइतकी परत यायची घाई कोणाला असणार? तिचं अख्खं भविष्य तुमच्या फाइलीत आहे. एवढं साधं गणित कोणाला सुचत नाही?

आणि आपली मंडळी. जावयाकडचं काही आहे का, असं खालच्या आवाजात विचारणारी. नाही. काही नाही. तो मुलगा दर रविवारी मला वेगळा फोन करतो, तिला न सांगता. परवा म्हणाला, डाळ आता दुपारीच भिजत घालतो, तीन शिट्ट्यांत होते. तुमच्या जावयांपैकी किती जण तुम्हाला डाळीचं सांगतात?

कमेंटमध्ये एजंटांचे नंबर टाकू नका. 'धीर धरा'ही नको, तो दोन वर्षं धरलेलाच आहे. मुंबईची इमिग्रंट व्हिसाची मुलाखत हल्लीच कोणाची झाली असेल आणि मेडिकलला किती दिवस मुंबईत राहावं लागतं ते माहीत असेल, तर तेवढं सांगा.

(लेकीने आत्ता हे वाचलं. म्हणते, बाकी सगळं ठेवा, पण 'नवरोबा' काढा. काढत नाही.)