ओल्या वाळूतून पाणी ‘पिळून’ निघत नाही

समुद्रकिनाऱ्याच्या व्हिडिओखाली एक स्पष्टीकरण हमखास असतं: ओल्या वाळूवर पाय टेकला की भोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी पडते, कारण वजनाने वाळू आवळते आणि स्पंजसारखं पाणी पिळून निघतं. वर पुस्ती अशी, की कुठलीही वाळू असंच वागते. पटकन पटतं, पण तिन्ही गोष्टी चूक आहेत.

पाणी पिळून निघतं? मग ते वर यायला हवं, पावलाभोवती चकाकी दिसायला हवी. दिसतं नेमकं उलटं. पाणी खाली उतरतं म्हणूनच तर वाळू कोरडी दिसते!

वाळू आवळते? खरी गोम इथे आहे. लाटांच्या हिसक्यांनी तिथली वाळू आधीच घट्ट बसलेली असते, दाणे एकमेकांच्या खाचांत रुतलेले. पाऊल चहूबाजूंनी सारखा दाब देत नाही. तळव्याखालची वाळू खाली जाते, कडेची बाजूला आणि वर ढकलली जाते. सरकायचं तर दाण्याला शेजारच्या दाण्यावर चढावंच लागतं. त्यामुळे मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचं पाणी त्यांत ओढलं जातं. म्हणजे वाळू आवळत नाही, फुगते. ब्रिटिश अभियंते ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 मध्ये हे दाखवून दिलं आणि त्याला ‘डायलटन्सी’ म्हटलं.

घरी करून बघण्यासारखं आहे. फुग्यात वाळू आणि पाणी भरा, टिचक्या मारून वाळू नीट बसवा, हवा राहू देऊ नका. तोंडाला पारदर्शक नळी घट्ट बांधून तिच्यातही थोडं पाणी ठेवा. आता फुगा दाबा. नळीतलं पाणी वर चढण्याऐवजी खाली उतरतं. पहिल्यांदा बघणारा हमखास पुन्हा दाबून बघतो.

राहिली ‘कुठलीही वाळू’. सैल वाळूचं वागणं अगदी विरुद्ध असतं: हादरा बसला की दाणे खाली बसू पाहतात, पोकळ्या आक्रसतात, पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही आणि भार दाण्यांवरून पाण्यावर येतो. वाळूची ताकदच जाते. जपानमध्ये निगाता इथे 1964 च्या भूकंपात चारमजली इमारती अशाच कलंडल्या. काहींच्या भिंती जवळपास शाबूत होत्या, दगा दिला तो खालच्या वाळूने. 2001 च्या भूकंपात कच्छच्या रणातही जमिनीतून वाळूमिश्रित पाणी उसळलं होतं. म्हणून पाया घेताना वाळू आहे एवढं कळून भागत नाही, ती किती घट्ट बसलेली आहे हे मोजावं लागतं.