संकष्टीची सहल

सहल मेहुण्याने ठरवली, कारण पुण्याच्या आसपासचं सगळं त्यालाच माहीत असतं. "दाजी, ताम्हिणीला काय, कोणीही जातं. आपण सुप्याला जाऊ. मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायचा, पुढे मोरगावचा गणपती आणि येताना सासवड रस्त्यावर मटणथाळी." मी होकार दिला तो थाळीला. चिंकारा आपला वाटेत लागणार होता.

पहाटे साडेपाचला निघायचं होतं. कोथरूडमधून निघालो सव्वानऊला, कारण सासूबाईंची साबुदाण्याची खिचडी व्हायची होती. खिचडीच का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. हडपसर पार होईपर्यंत अर्धा डबा संपला, त्यातला बराचसा माझ्याच पोटात गेला. चौफुल्याला उजवीकडे वळताना मेहुणा तिथल्या कलाकेंद्रांविषयी काहीतरी सांगणार होता, पण मागे आई बसल्यात हे त्याला वेळेवर आठवलं.

अभयारण्य १९९७ सालचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जागेत जनावर लपून लपून लपणार कुठे, असं मला वाटलं होतं. पण गवत चिंकाऱ्याच्या रंगाचं आणि चिंकारा गवताच्या रंगाचा. गेटवरचा माणूस म्हणाला, "साहेब, या उन्हात जनावर फिरत नाही. फक्त पुण्याची माणसं फिरतात."

तरी फिरलो. मुलाने चार वेळा चिंकारा दाखवला. त्यातली तीन झुडपं होती आणि एक मेहुण्याची बायको, खाकी टोपी घालून खाली वाकलेली. मेहुण्याचं व्याख्यान चालूच. चिंकारा हे हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. मादीलाही छोटी शिंगं असतात. पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर तो पाण्याशिवाय कित्येक दिवस काढतो. आमचं पाणी अर्ध्या तासापूर्वीच संपलं होतं, त्यामुळे मला त्या प्राण्याविषयी आदर नाही, मत्सर वाटला.

दोन तासांनी घामाघूम होऊन गाडीपाशी आलो. आई मागच्या सीटवर जप करत बसल्या होत्या. "अहो, आत्ता दोन गेली इथून. बारीक अंगाची, शेपटी सारखी हलवत. मला वाटलं, कुणाच्या तरी शेळ्या सुटल्या. शिंगं मात्र छान होती हो, कडी कडी असलेली."

मेहुणा गाडी सुरू करेपर्यंत कोणीच काही बोललं नाही.

मोरगावला नंदी गणपतीसमोर बसलाय, याचं नवल करायलाही उसंत नव्हती, इतकी रांग. "एवढी गर्दी कशी आज?" मी सहज विचारलं. "अहो, संकष्टी नाही का!" बायको अशा सुरात म्हणाली, की जणू मी लग्नाचा वाढदिवस विसरलोय. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो कळसाकडे बघत होता.

तर संध्याकाळी साडेसातला आम्ही सासवड रस्त्यावरच्या त्या हॉटेलात, हिरवळीवर, खुर्च्या टाकून बसलो. चंद्रोदय ८:४१ ला. आम्हा दोघांना उपास नव्हता. पण आई उपाशी असताना जेवायला बसणार का, हे बायकोने तोंडाने विचारलं नाही, नुसतं पाहिलं. शेजारच्या टेबलावर तांबडा रस्सा आला. मेहुण्याने डोळे मिटले. लोकांना वाटलं असेल, भाविक आहे.

पावणेनऊ झाले. नऊ वाजले. सगळं कुटुंब माना उंचावून आभाळात शोधतंय, दुपारी गवतात शोधत होतं तसंच. "ढग असतील," मी म्हणालो. चांदण्या लख्ख दिसत होत्या. आईंनी मला वर बघायला लावलं.

साडेनऊला मुलगा हात धुवायला गेला आणि तिकडूनच ओरडला, "आजी, इकडून दिसतोय!" चंद्र केव्हाच उगवला होता. आमच्यासमोर पूर्वेला हॉटेलचा वीस फुटी फ्लेक्स होता: 'स्पेशल मटणथाळी'. चंद्र तिच्यामागे होता.

आईंनी हात जोडले, मी वेटरला हाक मारली. पाच शाकाहारी थाळ्या, एक मुलाला अर्धी.

"शाकाहारी संपली, साहेब. आज संकष्टी ना, लई मागणी. मटण पाहिजे तेवढं आहे."