मरणापुढं कटकटी लहान होत नाहीत

गावात किंवा ओळखीत कुणी अचानक गेलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. जवळचा मित्र अचानक गेला की कळतं, लाईट, पाणी, रस्ते, बँकेतली रांग या कटकटी किती फालतू आहेत, तेव्हा चिडणं सोडा. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, त्या पार केल्या की माणूस बाहेर पडतोच. राग आला तर ओरडून मोकळे व्हा. तो मित्र होता, रक्ताचा नव्हता. रडायचं घरच्यांनी, तुम्ही धीर द्यायचा. बाकी काळ हेच औषध.

पाठवणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. काय बोलावं सुचत नाही, म्हणून माणूस हाताशी असलेलं पुढं ढकलतो. पण जो नुकताच मातीवरून परत आलाय त्याला या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य त्रास देतं, आणि त्यातलं बरंचसं खरंही नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मरणापुढं रोजच्या कटकटी फालतू वाटायला लागतात’

पहिले काही दिवस वाटतात. घरात दिवस चालू असतात, माणसांची ये-जा असते, कुणी ना कुणी चहा हातात देतं. खरी परीक्षा पुढं असते, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर.

माझा एक मित्र होता, मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेला. हृदयविकाराच्या झटक्यानं गेला, घरच्यांना दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. विहिरीवरची मोटार जळाली की ती घेऊन त्याच्याकडं जायचं, बाकड्यावर बसायचं आणि तो तांब्याची तार गुंडाळत असताना सगळं ओकायचं: डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) कधी बसणार, सोयाबीनला काय भाव निघाला, कोणत्या कचेरीनं पुन्हा तोच कागद मागितला. तो फार बोलायचा नाही. मध्येच ‘बरं मग?’ एवढंच म्हणायचा. उठताना मोटारही दुरुस्त झालेली असायची आणि मीही. तो गेल्यावर पहिल्यांदा मोटार जळाली तेव्हा मी बांधावर बसून लहान पोरासारखा रडलो. मोटारीसाठी कुणी रडत नाही हे मलाही कळतं.

मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं हेच दिसलेलं नाही. रोजचा त्रास आपण एकट्यानं पेलत नसतो. त्यातला अर्धा कुणीतरी ऐकून घेत असतं, म्हणून तो पेलवतो. ऐकणारा गेला की तोच त्रास दुप्पट होऊन अंगावर येतो. त्यात झोप तुटलेली असते, लक्ष लागत नाही, शब्दाला शब्द लागून भांडण होतं. ही शोकाची अगदी नेहमीची लक्षणं आहेत. अशा दिवसांत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालणाऱ्याला ‘मित्र गेला तरी तुला अक्कल आली नाही’ असं वाटायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मित्र गेलाय म्हणूनच तो भांडतोय.

नेदरलँड्समधले मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली. शोकातला माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतो, असं ते सांगतात. कधी तो गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी बिलं, कामं, नव्यानं अंगावर पडलेल्या जबाबदाऱ्या यांत गुंततो. दोन्ही लागतं, आणि त्या जा-ये करण्यातच माणूस हळूहळू सावरतो. म्हणजे तुटलेला नळ, थकलेला हप्ता, दुसरा मेकॅनिक शोधणं ही कामं शोकाच्या बाहेरची नाहीत.

आणखी एक. पाण्याला फालतू कटकट म्हणणारा माणूस मराठवाड्यात राहतो का, असा प्रश्न पडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी वस्त्यांनी नळाला पाणी कोणत्या वारी येणार हे बघून घरची कामं ठरवलीत. कुणाच्या मरणानं हा त्रास लहान होत नाही, आणि त्यावर चिडणारा माणूस उथळही ठरत नाही.

‘दुःखाच्या पाच पायऱ्या असतात’

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. ही यादी एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची. त्यांनी ती १९६९ मध्ये मांडली, पण कशावरून? स्वतःचं मरण समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी ती नव्हतीच. त्यांना ती पुढं लावली गेली, आणि २००५ मध्ये, बाईंच्या निधनानंतर आलेल्या पुस्तकात त्यांनीच स्पष्ट केलं की या अवस्था ठरलेल्या क्रमानं आणि प्रत्येकाला येतीलच असं नाही.

पायऱ्यांची कल्पना घातक ठरते ती इथं: माणूस स्वतःला मोजायला लागतो. दिवाळीला बरा होतो, संक्रांतीला पुन्हा कोसळलो, म्हणजे मी खाली घसरलो का? नाही. अचानक गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर मन पुन्हा पुन्हा त्याच दिवसावर जातं: सकाळी फोन केला असता तर, छातीत दुखतंय म्हणाला तेव्हाच गाडी काढली असती तर. वर्षभरानंतरही असं वाटलं तर त्यात बिघडलेलं काही नाही.

‘राग आला तर ओरडून मोकळे व्हा’

हे ऐकायला पटतं, पण प्रयोगात टिकत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये चिडलेल्या विद्यार्थ्यांना, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत, पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. ते आणखी चिडले. नुसते शांत बसलेले त्यांच्यापेक्षा बरे निघाले. २०२४ मध्ये दीडशेवर अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही निष्कर्ष तोच आला: शरीराचा वेग खाली आणणारं काहीही, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं, राग कमी करतं; आदळआपट करत नाही. शिवाय आपल्याकडं ओरडणं कुणावर होतं? बायकोवर, लेकरांवर, नाहीतर हाताखालच्या गड्यावर. त्यांचा काय दोष?

‘मित्र म्हणजे काही रक्ताचा नव्हे’

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ते मेसेजपुरतं नाही, आपल्या सगळ्या रिवाजात भरलेलं आहे. सुतक भावकीला. कडू घास घरच्यांना, दुखवट्याचे कपडे सोयऱ्यांकडून. मित्रानं मातीला जायचं, खांदा द्यायचा, लाकडं-गोवऱ्यांची सोय बघायची, घरी येऊन आंघोळ करायची, संपलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. चुलतभावाच्या नावानं रजा मागता येते, मित्राच्या नावानं मागायला जीभ रेटत नाही. चार दिवसांनी त्याचा चेहरा उतरलेला दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘एवढं काय मनाला लावून घ्यायलास? भाऊ होता का तुझा?’

ज्या शोकाला समाज जागाच देत नाही त्यावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ पासून लिहिलं आहे. अशा शोकात दुःख तेवढंच असतं, सांत्वन मात्र मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २६ हजारांहून जास्त लोकांची वर्षानुवर्षं घेतलेली माहिती २०१९ मध्ये तपासली गेली. जवळचा मित्र गमावलेल्यांच्या तब्येतीवर, मनावर आणि लोकांत मिसळण्यावर झालेला परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत होता. चार वर्षं, आणि आपण चौथ्या दिवशी विचारतो.

पण परक्या अभ्यासांपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव मानलं जातं. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, तेव्हाचा कल्लोळ नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत आहे. दोघांत ना रक्ताचं नातं, ना जातीचं. एक शिंप्याचा, एक ब्राह्मणाचा. तरी ते अभंग धाय मोकलून रडतात, आणि सातशेहून अधिक वर्षं वारकरी ते अभंग गातात, ऐकतात आणि डोळे पुसतात. कार्तिकात समाधीच्या सोहळ्यात आजही नामदेवांच्या घराण्याचं, नामदासांचं कीर्तन होतं. मित्रासाठी रडलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ असं आपल्या परंपरेनं सांगितलेलं नाही. तिनं त्याच्या रडण्याला वर्षाचा एक दिवस दिला. हे विसरून आपण पुरुषानं रडू नये हे कुठून उचललं, मला माहीत नाही.

‘काळ हेच औषध’

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायच्या आत भूकंपानं लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसं गेली. पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवली गेली. तीन दशकं उलटली, तरी त्या तारखेला लोक स्मारकाशी जमतात. त्यांना काळानं बरं केलं नाही असं मी म्हणत नाही; बहुतेक माणसं सावरतात, हेही खरं आहे. पण नुसत्या काळानं नाही. शेजाऱ्यानं दिलेल्या भाकरीनं, पुन्हा उभ्या राहिलेल्या शाळेनं, दरवर्षी नावं घेण्यानं.

काही जण मात्र सावरत नाहीत. सहा महिने, वर्ष होऊनही ओढ तेवढीच तीव्र असेल, कामधंदा बसला असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तो आता मान्य झालेला आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत वर्षाची. त्यावर उपचार आहेत. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्री चालतो, मराठीतून बोलता येतं. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात विचारता येतं.

हा क्रमांक त्याच ग्रुपवर टाका. आणि ज्याचा दोस्त गेलाय त्याला मेसेज पाठवण्याऐवजी महिन्या-दोन महिन्यांनी, सगळे विसरल्यावर, घरी जा. त्याची डीपी जळाली असेल, विम्याचे पैसे अडले असतील, तर ते ऐकून घ्या. वाटलं तर सोबत कचेरीत चला. त्याच्या मित्राचं नाव तुम्हीच आधी काढा.