दगडात गड नसतो आणि हिस्टरीत 'हिज' नसतो

गेले काही दिवस आमच्या भांडुपच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'इंग्रजी शब्द पाठ करू नका. शब्दात लपलेला छोटा शब्द शोधा, अर्थ आपोआप कळेल.' खाली पाच नमुने दिलेत. हिस्टरी म्हणजे 'हिज स्टोरी', पुरुषाने सांगितलेली गोष्ट. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. जिथे पी-ई-डी तिथे पाय. जिथे एम-ए-एन तिथे माणूस. आणि शब्दाच्या सुरुवातीला आय-एन आलं की अर्थ उलटा. मी संध्याकाळी सेमी-इंग्रजीच्या मुलांची शिकवणी घेते. मुलं हा मेसेज वहीत उतरवून आणतात आणि त्यांच्या आया विचारतात, "टीचर, हे बरंय ना?" बरं नाहीये. का, ते सांगते.

आधी हीच युक्ती मराठीत करून बघा. रायगडात गड आहे, सिंहगडातही आहे. मग दगडात कुठला किल्ला? भानगडीत कुठला? आणि गडबडीत? आपण फसत नाही, कारण भाषा आपली आहे. इंग्रजीत रायगड कोणता आणि दगड कोणता हे पोराला ठाऊक नसतं, म्हणून ते फसतं.

आता हिस्टरी. मूळ ग्रीक शब्द 'हिस्टोरिया', अर्थ चौकशी, शोध. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात तो वापरलाय. 'हिज' हा इंग्रजीचा घरचा शब्द, त्याचा ग्रीकशी संबंध नाही. आणि गंमत म्हणजे 'स्टोरी' हा शब्दच या हिस्टोरियापासून, लॅटिन आणि फ्रेंचमधून झिजत झिजत आलाय. हिस्टरीत स्टोरी शिरली नाही, हिस्टरीतून स्टोरी निघाली. इतिहास बहुतेक पुरुषांनीच लिहिला, ही तक्रार मलाही मान्य आहे. पण तिचा पुरावा स्पेलिंगमध्ये शोधू नका.

न्यूजवर फार वेळ घालवत नाही. न्यू म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन न्यूज, म्हणजे नव्या गोष्टी. जुन्या इंग्रजी लिखाणात स्पेलिंगमध्ये आणखी एक ई असायचा. त्या ई साठी पाचवी दिशा कुठून आणणार?

पी-ई-डीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून त्यावर थांबायला हवं. लॅटिनमध्ये 'पेड' म्हणजे पाय. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड ही सगळी त्याचीच मंडळी. पण पेडिऍट्रिक्स म्हणजे बालरोगशास्त्र. परळचं वाडिया हॉस्पिटल मुलांचं आहे, पायांचं नाही. हा 'पेड' ग्रीक 'पाइस' या शब्दातून आला, म्हणजे मूल. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी आणि ई यांच्या मध्ये एक ए असतो, तो नेमका हाच फरक दाखवायला उरलाय. अमेरिकन स्पेलिंगमध्ये ए गळला आणि दोन परके शब्द सख्ख्या भावांसारखे दिसायला लागले. उलट पेडिग्री, म्हणजे वंशावळ, यात पायाचा काही संबंध वाटत नाही, पण आहे. फ्रेंचमध्ये 'करकोच्याचा पाय', कारण वंशावळीतल्या फांद्यांची खूण तशी दिसायची.

पण या मुद्द्यात खरा खजिना निराळाच आहे आणि तो मेसेजमध्ये नाही. लॅटिन पेड, संस्कृत पद, आपला पाय आणि इंग्रजी फुट, ही चारही एकाच घरातली. फुट आणि पेड यांत एकही अक्षर सारखं नाही, तरी नातं सख्खं आहे. इंग्रजी ज्या शाखेतली आहे, तिथे जुन्या 'प'चा 'फ' झाला आणि 'द'चा 'ट'. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये हा नियम नीट मांडला. मुलांना मी फळ्यावर एवढंच लिहून दाखवते: दोन–टू, दहा–टेन, पाच–फाइव्ह, पितृ–फादर. मग वर्गात एकदम कालवा होतो, प्रत्येकाला आणखी एक जोडी सापडलेली असते. दिसायला सारखं ते नात्याचं असेलच असं नाही आणि नात्याचं ते सारखं दिसेलच असं नाही, हे सातवीच्या पोरांना दहा मिनिटांत कळतं.

एम-ए-एनचं तर साफ चुकलंय. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट, मॅनिक्युअर यांत माणूस नाही, लॅटिन 'मानुस' म्हणजे हात आहे. मॅनेजरमध्येही हातच, घोडा हाताळण्यासाठीच्या इटालियन शब्दातून आलेला. ह्युमन लॅटिन 'हुमानुस'वरून आला. वुमनमध्ये मॅन खरंच आहे, पण तो शब्द घडला तेव्हा 'मॅन' म्हणजे कुठलीही व्यक्ती, बाई किंवा पुरुष. मँगोमध्ये दक्षिण भारतातला 'मांगा' आहे, पोर्तुगिजांनी नेलेला. आणि मँडरिन? संस्कृत 'मंत्रिन्' मलायात गेला, तिथून पोर्तुगिजांच्या तोंडी बसला आणि चिनी दरबारातल्या अधिकाऱ्यांचं नाव झाला. त्या शब्दात मॅन शोधणाऱ्या मुलाला आपल्या मंत्रालयातला मंत्री दिसायचा राहून जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुळं शिकवूच नका असं माझं म्हणणं नाही. 'टेलि' म्हणजे लांब, 'बायो' म्हणजे जीव, हे जरूर शिकवा. पण शब्द कुठल्या भाषेतून आला ते डिक्शनरीत बघून शिकवा.

उरला आय-एन. हा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. माझ्या घरी रंगकाम चाललं होतं. कोपऱ्यात थिनरचा डबा होता. एका मुलाने डब्यावरच्या लाल अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, 'इन-फ्लेमेबल', आणि मोठ्या आत्मविश्वासाने अर्थ सांगितला, "न पेटणारं." वहीत उतरवलेला नियम त्याने बरोब्बर लावला होता.

लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, इनव्हिजिबलमधला. दुसरा 'आत'चा, इन्क्लूडमधला. इन्फ्लेमेबलमध्ये हा दुसरा आहे: ज्याच्यात ज्वाला भडकते ते. माहुलच्या रिफायनरीकडून निघणाऱ्या पेट्रोलच्या टँकरच्या पाठीवर हाच शब्द असतो. हा घोळ इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जाणवला, म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेत आगीपासून सुरक्षिततेचं काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' लिहायचा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच. नकाराचा 'इन' असला तरी अर्थ दर वेळी उलटा होतो असंही नाही. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, ज्याचं मोल करता येत नाही ते. आपल्याकडे 'अमूल्य' आहेच.

बाकीचे चार मुद्दे तुमच्या ग्रुपवर राहिले तर राहू देत. पण जिथे जिथे हा मेसेज आला असेल, तिथे त्याच्याखाली आजच्या आज एवढं लिहा: 'इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. लांब ठेवा.'