अ‍ॅपने ९८ दिले, मी ६

मी परत जन्मात परीक्षक होणार नाही. हे गेल्या वेळीही म्हणालो होतो, पण तेव्हा रागाच्या भरात होतो. आज अगदी शांत डोक्याने सांगतोय. शिरा पडो त्या परीक्षकपणावर.

आमच्या ग्रुपवर गाण्यांची स्पर्धा चालते: एक विषय, त्यावर प्रत्येकाने एक गाणं पाठवायचं आणि परीक्षकाने दहापैकी गुण द्यायचे. काल रात्री साडेनऊला मी निकाल टाकला. नऊ चाळीसला दादाकाका ग्रुप सोडून गेले. दहाला आईचा फोन वाजला. आई माजघरात, मी पडवीत, मधे चिऱ्याची भिंत, बाहेर पाऊस पत्रे फोडतोय, आणि तरीही डोंबिवलीहून येणारा शब्द न शब्द मला ऐकू येत होता. काका फोनवरही पांढरी चारातच, म्हणजे चढ्या सुरातच बोलतात.

"वयनी, तुझ्या झिलान माका सा दिले. सा!" झिल म्हणजे मुलगा, म्हणजे मी. सा म्हणजे सहा.

आई बाहेर आली. हातात फोन तसाच, चालू.

"धा दिलंस असतंस तर काय खिशातले देवचे होते तुका?"

आता यावर काय बोलणार? खिशातले नव्हते द्यायचे, हे खरंच आहे.

या वेळी विषय होता पाऊस. आली ३४ गाणी. मूळ ध्वनिमुद्रण पाठवा, स्वतः गायलेलं चालणार नाही, हे मी तीनदा लिहिलं होतं, तिसऱ्यांदा ठळक अक्षरांत. तरी काकांनी 'श्रावणात घन निळा' स्वतःच्या आवाजात पाठवलं. गाणाऱ्याला गुण देणाऱ्या कराओके अ‍ॅपवर. घरातल्या घरात. इको इतका लावलेला की माणूस विहिरीत पडलाय आणि मदतीऐवजी गाणं म्हणतोय असं वाटावं. सुरुवातीचं म्युझिक संपायच्या आतच काका आत शिरले, मग चूक लक्षात आली म्हणून थांबले, मग थांबल्याची भरपाई म्हणून पुढची ओळ पळवली. दुसऱ्या अंतऱ्यात मागे काकू दारावरच्या कुणाला तरी "पावशेर बस झाली" म्हणाली. इको तिच्या आवाजालाही लागला. पावशेर... वशेर... शेर... खरं सांगू का, अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढी एकच जागा सुरात होती.

आणि हे गाणं कुणाचं? पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, लताबाईंचा आवाज. खळ्यांची चाल म्हणजे पावसाळ्यातली चिऱ्याची पायरी. बघताना वाटतं, काय, सहज उतरू. पाय टाकला की कळतं शेवाळ किती आहे ते. भलेभले तिथे बसतात, काका तर पहिल्याच पायरीवर बसले आणि घसरत थेट परसात गेले. त्याला नियमाप्रमाणे शून्य. मी दिले सहा. दोन काकांच्या वयाला, दोन नात्याला आणि दोन चतुर्थीला काका इथेच यायचे आहेत म्हणून.

तर काकांनी आईला अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात रंगीत कागदाचे तुकडे उडतायत, खाली पाच तारे, आणि मधोमध: ९८. "मशीन खोटा बोलात काय?" हा काकांचा प्रश्न. हो काका, बोलात! बोललं नाही तर उद्या तुम्ही ते उघडणार कशाला? आईने मात्र तो स्क्रीनशॉट पूर्ण श्रद्धेने बघितला आणि मला विचारलं, "मगे मशीनापेक्षा तुका ज्यास्त कळता?"

दोन महिने पेटी शिकलोय मी, सातवीत असताना. पुढे भजनात झांज. ही माझी लायकी. ती मला माहीत आहे, पण आईने ती मशीनच्या खाली लावावी?

बरं, काका एकटे असते तर मी गिळलं असतं. 'ये रे घना' सात जणांनी पाठवलं. सात! एकच गाणं, तीच आशाबाई, तीच हृदयनाथांची चाल. आता याला गुण कसे द्यायचे सांगा. गाण्याबरोबर चार ओळी लिहायच्या, का निवडलं ते, त्यालाही गुण आहेत. एकाने लिहिलं होतं की वडील गेले त्या पावसाळ्यात रेडिओवर हे लागलं आणि आईने रेडिओ बंद केला, तेव्हापासून त्यांच्या घरात ते पूर्ण कुणी ऐकलेलंच नाही. मी साडेआठ दिले. दुसऱ्याने लिहिलं होतं, "छान गाणे आहे." त्याला साडेसात. झालं! "गाणं तेच, मग गुण वेगळे कसे?" तिसरा म्हणतो माझी लिंक जास्त स्वच्छ आवाजाची होती. चौथा म्हणतो मी पहिल्यांदा पाठवलं, बाकीच्यांनी माझं बघून टाकलं, तर मूळ गुण माझे. पाचवीने मला खासगीत मेसेज केला, "दादा, मला वडील आहेत म्हणून गुण कमी का?" मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं, आणि शेवटी हात जोडलेला इमोजी पाठवला. तो तिने ग्रुपवर टाकला.

आणि त्या सातांपैकी दोघांनी कवी म्हणून कुणाचं नाव लिहिलं असेल? ग्रेस. अरे मेल्यांनो! आरती प्रभू! चिं. त्र्यं. खानोलकर! वेंगुर्ले तालुक्यातला माणूस, आमच्या या कुडाळात खाणावळ चालवायचा. ज्या गावात बसून त्याने लोकांना जेवू घातलं, त्या गावात बसून तुम्ही त्याचं गाणं नागपूरकराच्या नावावर करता? आणि पाडगावकरही वेंगुर्ल्याचेच. ते १९२९चे, खानोलकर १९३०चे. एका वर्षाच्या फरकाने या पट्ट्यात दोन कवी जन्मले आणि दोघांनी उभ्या महाराष्ट्राचा पाऊस लिहून ठेवला, तर आमच्यातले निम्मे लोक रिमझिम शोधायला हिंदीत गेले. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो इथे. रिमझिम कसली? इथे तो आठ-आठ दिवस कौलांवर नुसता ओतत असतो. रिमझिम डोंबिवलीला पडतो, गॅलरीत, भज्यांबरोबर.

नावं खोटी लिहायची सवय जुनीच आहे म्हणा. मागे विषय होता दर्या. नऊ जणांनी 'मी डोलकर' पाठवलं आणि नवांपैकी सहा जणांनी खाली लिहिलं, 'पारंपरिक कोळीगीत'. शांता शेळके! इंदापूरला जन्मलेली बाई, जिथे लाट म्हणजे पोळीची, तिने असं गाणं लिहिलं की कोळ्यांनी ते आपलं म्हणून लग्नात वाजवलं. यापेक्षा मोठी दाद काय असते? आणि आम्ही दाद देताना तिचं नावच उडवतो. मी तेव्हा प्रत्येकाचा अर्धा गुण कापला होता. तेव्हाही दोघांनी ग्रुप सोडला होता, पण ते चुलत होते, चाललं.

त्याच्या आधी विषय होता वाट. एका महाभागाने एक लिंक पाठवली, उघडतो तर गीतरामायण. सगळं. छप्पन्न गाणी. "रामाची वाट मोठी होती" असं वर स्पष्टीकरण. १९५५ साली पुणे आकाशवाणीने ते आठवड्याला एक असं वर्षभर पुरवून ऐकवलं होतं. गदिमा आणि बाबूजींना जे करायला वर्ष लागलं, ते मी शनिवार ते रविवार ऐकून त्याला दहापैकी किती ते सांगायचं! तेव्हा परीक्षक असलेल्या मास्तरांनी नऊ देऊन टाकले. न ऐकता. आता कळतंय, मास्तर शहाणे होते.

मी शहाणा नाही. मी सगळी ऐकतो, आणि प्रत्येक गाणं तीनदा. चौतीस गाणी, पाच मिनिटांच्या हिशेबाने पावणेतीन तासांच्या वर, त्याचं तिप्पट करा. तेही सरळ नाही. लाईट जाते, मग वायफाय जातं, मग टॉवरपण लाईटीच्या मागोमाग सती जातो, मग मी छत्री घेऊन आडाच्या कठड्याजवळ उभा. तिथे दोन काड्या येतात. शुक्रवारी दुकानात एका कानात वायर घालून बसलो होतो. जुलै म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम, ताडपत्रीला उसंत नाही. एका जुन्या नाट्यगीताची तान चालू होती, गिऱ्हाईक म्हणालं बारा मीटर, मी तानेबरोबर मोजत गेलो आणि सम आली तिथे कापलं. आठ भरले. चार मीटर कमी! पैसे बाराचे घेतले. तो गृहस्थ सायकलवर गुंडाळी बांधून पावसात निघून गेला. त्याच्या गोठ्याचं एक टोक आता भिजत असणार आणि मी इथे सा दिले की धा दिले यावर आईशी भांडतोय.

त्या नाट्यगीताला नऊ दिले होते मी. सर्वांत जास्त. त्यावर कुणीच काही बोललं नाही, हेही लक्षात घ्या. ज्याला नऊ मिळाले त्याने नुसता अंगठा टाकला. नऊ त्याला आपोआप मिळायचेच होते जणू.

आमच्यात आठच्या खाली गुण हा अपमान समजतात, ही खरी पीडा. आठ म्हणजे नापास, नऊ म्हणजे ठीक, दहा म्हणजे आपला माणूस. साडेसात म्हणजे तर थेट साडेसाती. मग दहापैकी कशाला ठेवलेत? तीनपैकी ठेवा. एक ते सात हे आकडे शोभेला आहेत काय? टीप लिहिली नाही तर "कारण दे". कारण दिलं तर "तू काय गायक लागून गेलास?" चाल संथ वाटली म्हणालो तर "तुला घाई कसली?"

आमच्याकडच्या डबलबारी भजनाला बघा. दोन बुवा समोरासमोर, पखवाजाचा ठेका धरलेला, एक बुवा दुसऱ्याच्या तोंडावर त्याची खोड काढतो, तीही गाण्यात, यमक जुळवून, अख्ख्या गावासमोर. दुसरा ऐकून घेतो आणि आपल्या पाळीला व्याजासकट परत करतो. पहाटे दोघे एकाच टपरीवर चहा पितात. त्यांच्या आयांना कुणी फोन करत नाही.

आता तुम्हाला एक सांगतो, पण बाहेर फुटू देऊ नका. तीन वर्षांपूर्वी मास्तरांनी मला एका अभंगाला साडेपाच दिले होते. मी ग्रुप सोडला नाही, मी सभ्य माणूस. मी फक्त ग्रुप म्यूट केला. महिनाभर. मास्तर पायपाचे जोड घ्यायला दुकानात आले तेव्हा मी "माल संपला" म्हणालो आणि ते शेजारच्या दुकानात गेले. माल माझ्या मागच्या फळीवर होता. मास्तरांना तो दिसत होता. त्यांनी काही म्हटलं नाही, चष्मा पुसला आणि गेले. आणि परवा ३४ गाण्यांची यादी टाकल्यावर त्यांचा एका ओळीचा मेसेज आला होता, "काकांना दहा दे." मला वाटलं मस्करी करतायत.

सकाळी आईने चहा दिला, पण समोर आपटून. मग म्हणाली, चतुर्थीला आरती कोण सुरू करतलो? दादाच मां? मगे? तेवा काय तोंड दाखवतलस? खरं आहे. दरवर्षी काकाच आरती उचलतात, चार पट्ट्या वर, आणि आम्ही सगळे अर्ध्या आरतीत घसा सोडतो. त्याला आजवर कुणी सा दिले नाहीत.

म्हणून मी दुकान उघडायच्या आधी काकांना फोन केला. माफी वगैरे नाही मागितली. म्हटलं, काका, बेरजेत चूक झाली होती, साडेसहा आहेत. पलीकडे बराच वेळ शांतता. मागे काकू विचारत होती कोण आहे. मग काका म्हणाले, "बघ, माका वाटलाच होता." आणि दहा मिनिटांत ते लिंकवरून परत ग्रुपमध्ये.

नाट्यगीतवाला जिंकलाय, म्हणजे पुढचा परीक्षक तो. त्याचा आत्ताच मेसेज आलाय: "मला जमणार नाही रे, भातलावणी चालू आहे. या वेळी पण तूच कर, तुझ्या टिपा छान असतात." टिपा छान असतात म्हणाला. मी "बरं" लिहून पाठवलंसुद्धा.

त्याच्या खाली काकांचं नवीन रेकॉर्डिंग आहे. विषय अजून मी जाहीरही केलेला नाही. अ‍ॅपने ९९ दिलेत.