पंचांना शिव्या नकोत, त्यांचे मार्क दाखवा

मार्च आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही कॉलेज बास्केटबॉलचा ज्वर चढतो. पोरं इथल्या रटगर्स विद्यापीठात असली तर विचारूच नका. मग टीव्हीसमोर पंचांचा यथेच्छ उद्धार होतो. मला तो पटत नाही. माझा राग पंचांच्या वर बसलेल्यांवर आहे.

मार्च 2013. पॅक-12 या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, स्पर्धेत उपांत्य सामन्यात ॲरिझोना विद्यापीठाची टीम यूसीएलएकडून 66-64 ने हरली. अटीतटीच्या वेळी ॲरिझोनाचे कोच शॉन मिलर यांना टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाची शिक्षा) मिळाला होता. 'त्याने बॉलला हात लावला' एवढंच मी म्हणत होतो, असं मिलर यांचं म्हणणं. सामन्यानंतर घातलेल्या वादाबद्दल कॉन्फरन्सने त्यांना 25,000 डॉलर दंड ठोकला. मग बातमी फुटली. कॉन्फरन्सचे पंचप्रमुख एड रश यांनी पंचांच्या बैठकीत म्हटलं होतं, मिलरला टेक्निकल देईल किंवा बाहेर काढेल त्याला 5,000 डॉलर, किंवा मेक्सिकोतल्या कानकुनची सहल! कॉन्फरन्सचा खुलासा काय, तर ती गंमत होती. असेलही. पण या पंचांना ना पगार, ना कायम नोकरी. सामन्यामागे मानधन, आणि सामने वाटणार हाच माणूस. साहेबाची गंमत किती हसण्यावारी न्यायची, हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बोभाटा झाल्यावर काही दिवसांतच रश यांनी राजीनामा दिला. सामने वाटणारा आणि पंचांचे निर्णय तपासून त्यांना मार्क देणारा एकच असण्याची पद्धत मात्र कुणाला खटकली नाही.

ते मार्क आपल्याला दिसतही नाहीत. एनबीए, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलची लीग, 2015 पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल जाहीर करते: कुठला निर्णय बरोबर, कुठला चूक, कुठला फाऊल सुटला. निकाल बदलत नाही, हे खरंच. पण चूक कागदावर तरी येते.

कॉलेजात चुकीची कबुली मिळायला अख्ख्या देशाने ती बघावी लागते. 2017 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची टीम पहिल्यांदाच एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) स्पर्धेत पोचली होती. समोरच्या गोंझागाच्या खेळाडूने नियम मोडून रिंगमधून हात वर घालून त्यांचा बॉल अडवला, तो पंचांना दिसला नाही, आणि कोच ख्रिस कॉलिन्स चिडून मैदानात धावले म्हणून टेक्निकल उलटा त्यांनाच! सामन्यानंतर एनसीएएने चूक मान्य केली. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी, अर्ध्या रिकाम्या जिममध्ये असं झालं तर कोण मान्य करणार?

त्याच महिन्यात केंटकी नॉर्थ कॅरोलायनाकडून 75-73 ने हरली, तर चाहत्यांनी एका पंचाच्या छपरं दुरुस्त करण्याच्या धंद्यावर खोट्या वाईट रिव्ह्यूंचा भडिमार केला. धमक्यांचे फोन वेगळेच. हा निव्वळ हलकटपणा. पण अधिकृत हिशोब मिळत नसला की लोक असा आपापला हिशोब चुकता करतात.

त्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालानंतर राज्याराज्यांत खेळांवरचा सट्टा कायदेशीर झालाय. आमच्याकडे तर फोनवर बोट टेकवलं की पैज लागते. तेव्हा डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या, प्रत्येक कॉन्फरन्सने एनबीएसारखे अहवाल जाहीर करावेत, आणि पंच नेमणारा व त्यांना मार्क देणारा माणूस वेगळा ठेवावा. टीव्हीच्या करारांतून अब्जावधी डॉलर येतात, तेव्हा खर्चाची सबब तरी कुणी सांगू नये.