अकाउंट्स, जरा एचआर बघा

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर एका नोटरीसमोर मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं, की पदवी मिळाल्यापासून आजतागायत मी कुठेही, काहीही शिकलेलो नाही. याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. एखादं वर्ष घरी बसलेल्या पोरांसाठी ते असतं. माझी गॅप पाव शतकाहून मोठी निघाल्यामुळे टायपिंगवाल्याने छापील नमुन्याकडे आणि मग माझ्याकडे नीट बघून घेतलं. कारणाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या अधिकारात 'कौटुंबिक' असं टाकलं. बायकोने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "याला लॅमिनेशन करून घेऊ या का?"

हा सगळा खटाटोप एका विद्यापीठाच्या मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या सर्टिफिकेट कोर्ससाठी. मी रबाळे एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात हिशेब बघतो. आमचे मालक माणसांना खात्याच्या नावाने हाक मारतात. "ए डिस्पॅच, गाडी लागली का?" "स्टोअर्स, तुमच्या मुलीचं लग्न कधी?" माझं नाव ते फक्त चेकवर लिहितात, आणि तो चेकसुद्धा मीच भरून ठेवलेला असतो. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून ऑडिटला माणसं आली. मशीन बघितली, फायर एक्स्टिंग्विशरची तारीख बघितली, आणि मग त्यातल्या एकाने विचारलं, "तुमचा एचआर कोण?" मालकांनी सगळ्या ऑफिसभर नजर फिरवली. ऑफिस म्हणजे एकच खोली, त्यामुळे ती लगेच माझ्यापाशी येऊन थांबली. "अकाउंट्स, आजपासून जरा एचआर बघा." ऑडिटवाल्याने वहीत टिपून घेत पुढचा प्रश्न टाकला, "क्वालिफिकेशन?" फीचे अर्धे पैसे कंपनी देणार होती. पास झालो तर.

वर्ग रविवारी. ठाण्यातल्या एका कॉलेजात, अकरावीच्या बाकांवर. त्या बाकांत शिरताना पोट आधी ठेवायचं की गुडघे, हे ठरवावं लागे. माझ्या एका बाजूला एका हॉस्पिटलातल्या मेट्रन बाई आणि दुसऱ्या बाजूला ऐरोलीच्या आयटी पार्कात रिक्रूटमेंट करणारी तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. ती मला काका म्हणे आणि मेट्रन बाई तिला चिमणे म्हणत. मागच्या बाकावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना घरी बसवत नव्हतं म्हणून ते आले होते, आणि वर्गातही बसवत नसल्यामुळे सारखे शंका विचारायला उभे राहायचे.

पहिल्याच रविवारी मॅस्लो. अब्राहम मॅस्लोने 1943 मध्ये माणसाच्या गरजांवर लेख लिहिला आणि त्या गरजा पाच थरांत लावल्या, हे बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या पीपीटीत पाहिलेलं असतं. तो प्रसिद्ध त्रिकोण मात्र त्या लेखात नाही. तो नंतर इतरांनी काढला. हे मी मोठ्या उत्साहाने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बरोबर आहे. पण पेपरात त्रिकोण काढा, पट्टीने काढा. त्रिकोणाला वेगळे मार्क आहेत." सगळ्यात खालचा थर शारीरिक गरजांचा, तो भागल्याशिवाय माणूस वरच्या थराकडे बघत नाही, असं सर सांगत होते. तेवढ्यात मागचे गृहस्थ उठले आणि बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत येऊन त्यांनी वर्गाला माहिती दिली, "स्वच्छतागृहाला कुलूप आहे. किल्ली शिपायाकडे. शिपायाला रविवारची सुट्टी." सगळ्यात वरचा, आत्मसाक्षात्काराचा थर येईपर्यंत अर्धा वर्ग समोरच्या हॉटेलात चहाच्या निमित्ताने गेला होता.

मग हॉथॉर्न. 1924 साली शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग सुरू झाले. दिव्यांचा प्रकाश वाढवला की उत्पादन वाढतं का, हे बघायचं होतं. प्रकाश वाढवला, उत्पादन वाढलं. मग कमी केला, तरी वाढलं! सगळे चक्रावले. पुढे त्याचा अर्थ असा लावला गेला, की आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय एवढ्यानेच माणसं जास्त काम करतात. सोमवारी हे मी मालकांना सांगितलं, कारण रविवारी काय शिकवलं हे ते फीचा हप्ता वसूल केल्यासारखं विचारत. त्यांनी वाक्याचा उत्तरार्ध ऐकलाच नाही. दुपारी पॅकिंगमधल्या दोन ट्यूबा निघाल्या. पॅकिंगच्या मावशी थेट माझ्या टेबलापाशी आल्या. मी त्यांना लक्ष देण्याचा सिद्धांत समजावून सांगू लागलो. "साहेब, लक्ष नंतर द्या," त्या म्हणाल्या, "आधी ट्यूब द्या." शंभर वर्षं या विषयावर लोक वाद घालतायत. मावशींचा मुद्दा मला त्यातल्या त्यात पक्का वाटतो.

खरं सांगायचं तर त्या अमेरिकन मंडळींपेक्षा माझा जीव जडला तो 1948 च्या कारखाना अधिनियमावर. सिद्धांत लिहिणाऱ्यांना माणूस कसा असावा हे माहीत होतं, पण हा कायदा लिहिणाऱ्याला माणूस कसा असतो ते ठाऊक होतं. कलम 20 बघा. कारखान्यात सोयीच्या जागी पुरेशा पिकदाण्या ठेवाव्यात, आणि पिकदाणी सोडून इतरत्र कुणी थुंकू नये. कलम 18 तर त्याहून प्रेमळ. पिण्याच्या पाण्याची जागा धुण्याच्या जागेपासून, मुतारीपासून आणि पिकदाणीपासूनही 6 मीटरच्या आत नको. कामगारांना समजणाऱ्या भाषेत तिथे 'पिण्याचे पाणी' अशी पाटी हवी. कामगार 250 हून जास्त असतील तर उन्हाळ्यात ते पाणी गार करून द्यायचं. कुणीतरी दिल्लीत बसून एवढा विचार केला होता! मी भारावलो आणि मेंटेनन्सकडून टेप मागून घेऊन आमचा कूलर मोजला. मुतारीपर्यंतचं अंतर सहाला थोडं कमी भरलं. मालकांनी स्वतः येऊन पाहणी केली आणि म्हणाले, "सरळ कशाला मोजता? माणूस काय भिंतीतून जातो? त्या पिंपाला वळसा घालून मोजा." वळसा घालून मोजल्यावर सहा पूर्ण होऊन वर काही उरलंसुद्धा.

रोल प्लेचा दिवस मात्र मी विसरणार नाही. नोकरीवरून कमी करण्याची मुलाखत, असा विषय होता. चिमणी एचआर आणि मी कर्मचारी. मला वाटलं, पोरगी आहे, अडखळेल, आपण सांभाळून घेऊ. तिने खुर्ची थोडी पुढे घेतली, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला आणि विचारलं, "घरी सगळे ठीक ना?" पुढच्या चार मिनिटांत माझी नोकरी गेली. कधी गेली ते मला कळलंच नाही. कंपनीची पुनर्रचना, माझं बहुमोल योगदान, फुल अँड फायनल हिशेबाची तारीख, लॅपटॉप कुठे जमा करायचा, सगळं एका मऊ सुरात. वर मी तिला दोनदा थँक्यू म्हणालो. वर्गाने टाळ्या वाजवल्या, पण माझ्या छातीत धडधडत होतं आणि मनात मी घराचे हप्ते मोजत होतो. मेट्रन बाईंनी माझी नाडी बघितली. मी तिला विचारलं, "अगं, एवढं छान कुठे शिकलीस?" "काका, गेल्या तिमाहीत रोज दोन-तीन असायचे," ती म्हणाली आणि डबा उघडून सगळ्यांना साबुदाण्याचे वडे वाटू लागली. वडे कुरकुरीत होते. मी एकच घेतला. काढून टाकलेल्या माणसाने किती घ्यावेत याबद्दल पुस्तिकेत काही नव्हतं.

कामगार चळवळीचा इतिहास सर कुठल्याशा इंग्रजी नोट्सवरून घाईघाईत उरकणार होते. पण ते नारायण मेघाजी लोखंड्यांपाशी आले आणि मागचे गृहस्थ ताडकन उभे राहिले. लोखंड्यांचा जन्म ठाण्याचा, 1848 चा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' वृत्तपत्राचे संपादक. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांना रविवारची सुट्टी कबूल करायला लावली. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीच्या सूत्रातसुद्धा हा रविवार बसलेला आहे. 1972 च्या कायद्याप्रमाणे दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार काढताना महिन्याला 26 ने भागत, 30 ने नाही. चार रविवार वजा करून. गृहस्थांनी हे सगळं सांगितलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, ठाणेकराने मिळवून दिलेल्या रविवारी ठाण्यातच आपण काय करतोय?" वर्ग शांत झाला. सरांनी घड्याळ बघितलं. ते बदलापूरहून येत. "उरलेलं सेल्फ स्टडीला टाकू या," ते म्हणाले. सबंध कोर्समध्ये एवढा निर्विवाद निर्णय दुसरा झाला नाही.

आणि मग आमचा अभ्यासक्रमच पायाखालून सरकला. 21 नोव्हेंबर 2025 ला, शुक्रवारी, केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विलीन झाले. माझा लाडका 1948 चासुद्धा. रविवारी सर जड पावलांनी वर्गात आले. छापील पुस्तिकेतला जवळजवळ प्रत्येक कायदा गेलेला होता आणि परीक्षा तोंडावर होती. चिमणीने विचारलं, "सर, पेपरात कुठला कायदा लिहायचा?" सर म्हणाले, "पेपर आधीच निघालाय. पेपरात जुना लिहा. सोमवारी कामावर नवा."

नव्या संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यायचं आहे. हे मी मालकांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "सगळ्यांना? नावानिशी?" ते म्हणाले. मी गठ्ठा समोर ठेवला. एकेक कागद उचलून ते विचारत, "हा कोण?" मी म्हणे, "डिस्पॅच." "अरेच्चा! आणि या बाई?" "ट्यूबवाल्या मावशी." सही करायला तासभर लागला, कारण प्रत्येक नावापाशी ते थोडे थांबत होते. त्यानंतर एक आठवडा कारखान्यात कुणालाच हाक ऐकू येईना. नावाने हाक मारली की लोक मागे वळून बघत, दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत म्हणून.

मी पास झालो. सर्टिफिकेट ऑडिटच्या फाइलीत लागलं, अकाउंट्सच्या पाटीखाली एचआरची पाटी आली, आणि दाराशी तक्रारपेटी. पेटीत पहिल्या महिन्यात वडापावचे कागद निघाले आणि एक तक्रार, की अकाउंट्स गाडीभाड्याची व्हाउचरं लटकवून ठेवतं. एचआर म्हणून मला दखल घेणं भाग होतं. मी अकाउंट्सला खुलासा मागणारं पत्र दिलं. अकाउंट्सने लेखी कळवलं, की गिऱ्हाइकाकडून वसुली आल्याशिवाय रोख नाही. खुलासा समाधानकारक वाटला. मी तो फाइलला लावला.

मग मालकांकडे पगारवाढीचा विषय काढला. खाती दोन, पगार एक, हे कुठल्या संहितेत बसतं, असं विचारलं. त्यांनी माझीच वही पुढे ओढली. पानं उलटत हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञापाशी थांबले. "हे काय लिहिलंय तुम्ही? पगाराने नाराजी जाते, उत्साह येत नाही." मी म्हणालो, "साहेब, नाराजी गेली तरी चालेल." ते हसले आणि म्हणाले, "रीतसर अर्ज करा. एचआरच्या शिफारशीने, अकाउंट्सच्या मंजुरीने येऊ दे."

अर्ज केला. एचआरने जोरदार शिफारस केली. अनुभव, निष्ठा, नवं शिक्षण, काही बाकी ठेवलं नाही. फाइल अकाउंट्सकडे गेली. अकाउंट्सने बँकेतली शिल्लक बघितली, येणी बघितली, मार्चअखेरचा जीएसटी बघितला आणि शेरा मारला: चालू वर्षात तरतूद नाही.

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत एचआर अकाउंट्सशी एक अक्षर बोलला नाही.